चव्हाट्यावरचा फळा

शनिवारी सकाळी सात वाजता फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एक तर हापिसात प्रॉडक्शन आडवं झालेलं असतं, नाहीतर आक्काचा फोन असतो. पहिल्या वेळी लॅपटॉप उघडायचा. दुसऱ्या वेळी फोन कानापासून वीतभर लांब धरून गॅलरीत जायचं, कारण मोबाइल मध्ये आहे हे आक्काला अजून पटलेलं नाही. ती हिंगोली जिल्ह्यातून थेट पुण्यापर्यंत आवाज जावा अशा बेताने बोलते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या शनिवारी आक्काच होती.

"तुझ्या भाचीनं काय करून ठेवलंय माहीत हाय का?"

मी मनातल्या मनात दोन-तीन वाईट शक्यता मोजल्या. भाची अकरावीला आहे. मानव विकासच्या निळ्या बसने रोज तालुक्याला कॉलेजला जाते. त्या वयात माणूस काय काय करून ठेवू शकतो याची मला चांगली कल्पना आहे.

"फळ्यावर लिवलंय तिनं. सरपंचाच्या विरोधात. खाली सही करून! पोरीचं नाव चव्हाट्यावर आलं रे. उद्या स्थळ आलं की लोक हेच सांगणार. तू ये आन् तिला समजावून सांग. तुझं ऐकती ती."

मी म्हटलं येतो. विकांताला दुसरा काही उद्योग नव्हता, आणि 'फळा' हा शब्द ऐकून पोटात काहीतरी हललं होतं हेही खरं. ते का, ते पुढे येईलच.

आधी चव्हाट्याबद्दल. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. म्हणजे खरं तर गावातली सगळ्यात उपयोगाची जागा. पण मराठीत चव्हाट्यावर जे जे येतं ते सगळं वाईटच असतं. भांडणं येतात, भानगडी येतात, घरची अब्रू येते. "यांचा चांगुलपणा चव्हाट्यावर आला" असं कधी कुणी म्हटलेलं ऐकलंय? सगळ्यांना दिसेल अशा जागी काही ठेवायचं म्हटलं की आपल्याला आधी लाजच आठवते. शाळेत नागरिकशास्त्र वीस मार्कांचं होतं, त्यात लोकशाही म्हणजे काय ते पाठ होतं. पण चारचौघांत प्रश्न विचारू नये, हे घरात शिकवलेलं जास्त पक्कं बसलं.

आमच्या गावात चव्हाटा म्हणजे वाचनालयाची भिंत. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं अजून लोक राहतात, आणि मलाही जायचं असतं.) वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल. सरकारच्या वर्गवारीत 'ड' वर्ग, म्हणजे शेवटचा. बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा फळा, त्याला दर दिवाळीला काळा रंग. समोर एसटीचा थांबा, बाजूला पिठाची गिरणी, पलीकडे चहाचं हॉटेल. गावात कुणालाही कुठंही जायचं असेल तर ह्या फळ्यासमोरून जावं लागतं.

वाचनालय सुरू केलं ते एका गुरुजींनी. त्यांनी निजामाचं राज्य पाहिलेलं होतं. ते सांगायचे की तेव्हा सभा घ्यायची तर परवानगी काढावी लागे, म्हणून शहाणी माणसं वाचनालयं काढत. पुस्तकं वाचायला माणसं जमतात, त्याला काय म्हणणार? १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे वर्तमानपत्र काढलं. निजाम सरकारने बंदी घातली की ते दुसऱ्या नावाने निघायचं, पुन्हा बंदी, पुन्हा तिसरं नाव. मग १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही मोकळे झालो. बाकी देशानंतर तेरा महिन्यांनी. गुरुजींचं एक ठरलेलं वाक्य होतं: आपल्याकडे वाचणं हेच आधी बंड होतं, म्हणून फुकट मिळालं तरी ते फुकट घालवू नका. आम्ही पोरं अर्थातच क्रिकेटच्या स्कोअरसाठी जायचो.

मी अकरावी-बारावीत असताना, म्हणजे १९९७ च्या सुमाराला, तो फळा माझ्याकडे आणि माझ्या एका दोस्ताकडे होता. माझं अक्षर बरं, त्याचं डोकं बरं. सकाळी एसटीने पेपर यायचे, त्यातल्या चार बातम्या, एक सुविचार, बाजारभाव आणि कुणी वारलं असेल तर त्याची माहिती. संध्याकाळी परभणी आकाशवाणीवरून काही नवीन ऐकलं तर तेही लिहायचो. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. त्याआधी आमचे कलेक्टर परभणीला. एखाद्या म्हाताऱ्याला साहेबाकडे तक्रार करायची तर दोन एसट्या बदलायच्या आणि दिवसाची मजुरी बुडवायची. त्यामुळे तक्रार करणारे मोजकेच, आणि त्यातले निम्मे बसस्टँडवरूनच परत येणारे. माहितीचा अधिकार वगैरे तर फार लांबची गोष्ट. केंद्राचा कायदा लागू झाला तो १२ ऑक्टोबर २००५ ला.

एक दिवस दोस्त म्हणाला, आपण रोज दिल्लीचं लिहितो, मुंबईचं लिहितो, गावातलं काहीच कसं लिहीत नाही? म्हटलं, गावात काय घडतं? तो म्हणाला, रेशनचं रॉकेल आलंय, मी बॅरल उतरवताना मोजलेत.

आम्ही एकच ओळ लिहिली. "या महिन्यात आपल्या गावाला रॉकेलचे ४ बॅरल आले." बास. आरोप नाही, टीका नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही.

एका बॅरलमध्ये २०० लिटर असतं हे गावात सगळ्यांना माहीत. कार्डं किती आणि प्रत्येकाला किती लिटर मिळालं, तेही ज्याचं त्याला माहीत. फळ्यावर गणित नव्हतंच. ते लोकांनी गिरणीत, पिठाच्या डब्यांच्या रांगेत उभं राहून केलं. दुपारपर्यंत गावभर उत्तर निघालं होतं, आणि ते ८०० च्या जवळपासही नव्हतं.

संध्याकाळी दुकानदार आमच्या घरी आला. वडिलांचं त्याच्याकडे उधारीचं खातं होतं, बियाणं-खतापासून लग्नाच्या आहेरापर्यंत. फळ्याचा विषयही त्याने काढला नाही. चहा घेतला, पावसाचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, "पोरगं हुशार हाय तुमचं. नांदेडला धाडणार म्हणे इंजिनिअरिंगला. फी लै असती तिथं." एवढंच.

जेवताना वडिलांनी विचारलं, "ते फळ्यावरचं कुणी लिवलं रे?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

रात्री अकराला लाइट गेलेली होती. मी उठलो, ओलं फडकं घेतलं आणि ती ओळ पुसून आलो.

सकाळी दोस्ताने पुन्हा लिहिली. ह्या वेळी खाली स्वतःचं नाव घातलं. त्याचे वडील सालगडी होते. पुढच्या पाडव्याला त्यांचं साल कुणी धरलं नाही, आणि दोस्ताची बारावी तिथंच थांबली. माझी फी भरली गेली. नांदेडला इंजिनिअरिंग, मग पुणे, मग अमेरिकेत दीड वर्ष, मग पुन्हा पुणे, होम लोन, इत्यादी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रवास असाच असेल, फक्त सुरुवातीला ओलं फडकं नसेल.

असो.

मधल्या काळात मी गावासाठी काही करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. इंजिनिअर माणसाला अपराधी वाटलं की तो काहीतरी बनवायला घेतो. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या माचनूर गावात संघम रेडिओ सुरू झाला. दलित बायकांनी चालवलेलं सामुदायिक रेडिओ केंद्र. तोही भाग आमच्यासारखाच जुन्या हैदराबाद संस्थानातला. त्याच सुमारास आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. मी ते वाचून इतका पेटलो की दोस्ताला फोन लावला. आपण गावात रेडिओ काढू! १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे! २००६ पासून संस्थांनाही परवाना मिळतो! शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटर आवाज जातो, तरुण पोरांना माइक द्यायचा!

त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "बातम्या देता येत्यात का?"

इथं माझी गाडी अडली. बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडी ह्यांना सामुदायिक रेडिओवर बंदी होती आणि आहे. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा मिळाली, पण स्वतःची बातमी नाही. भाव सांगा, हवामान सांगा, ओव्या म्हणा, लसीकरणाची तारीख सांगा. हे सगळं मोलाचंच आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर फारच. माचनूरच्या बायकांनी बियाण्यांपासून सणांपर्यंत जे बोलून ठेवलंय ते कुठल्या विद्यापीठात मिळणार नाही. पण दोस्ताचा प्रश्न तिथंच राहिला.

"मंग खडूच बरा की," तो म्हणाला. "त्याला परवाना लागत न्हाई."

दहा वर्षांनी मी ॲप बनवलं. गावाचं ॲप. तक्रार नोंदवा, फोटो टाका, नकाशावर लाल ठिपका. तीन विकांत खर्च केले. एकूण चौदा जणांनी उतरवून घेतलं, त्यातले चार आमच्याच घरातले. एकमेव तक्रार आली ती ॲप चालत नाही म्हणून, आणि ती आक्काने फोनवर केली.

तर शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलो. पहाटे औंढा नागनाथला जाग आली. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा व्हायची आहे. त्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लांबच लांब नळ्यांमधून लेझर सोडून, अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याचा हादरा पकडायचा. अभिमान वाटतोच. पण झोपेत असं वाटून गेलं की इतक्या लांबचं ऐकू येणारं यंत्र आमच्या जिल्ह्यात येतंय, आणि जवळचं ऐकू यायला अजून काही आलेलं नाही.

एसटी थांब्यावर उतरलो तर समोर फळाच. बॅग खाली ठेवून वाचायला लागलो.

वर तारीख. डावीकडे हळदीचा आणि सोयाबीनचा भाव. शेजारी पावसाचा आकडा, शाळेतल्या पर्जन्यमापकावरून. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची सूचना. आणि उजवीकडे, नीटस अक्षरात:

"जि. प. शाळा, मुलींचे शौचालय, दुरुस्ती. काम पूर्ण व खर्च झाल्याची नोंद आहे. (कुठून कळले: ई-ग्रामस्वराज.) दाराच्या जागी पोते आहे. (कुठून कळले: सोमवारी सकाळी १० वाजता पाहिले.)"

मध्ये रक्कम, पैशांपर्यंत. खाली भाचीचं नाव. त्याखाली हातभर जागा कोरी, वर लिहिलेलं 'उत्तर'.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर ते हे, की आमच्या वेळेपेक्षा ही बातमी फार चांगली लिहिली आहे.

ई-ग्रामस्वराज हे केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाचं पोर्टल, एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं. देशातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीने वित्त आयोगाचे पैसे कशावर खर्च केले ते त्यावर कुणालाही पाहता येतं, लॉगिन लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के अनुदान बंधित ठेवलं होतं, म्हणजे ते पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचं. ह्या दुरुस्तीचे पैसे त्यातलेच. आपल्या क्षेत्रात ह्याला 'ओपन डेटा' म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. पण डेटा उघडा असणं वेगळं आणि तो चव्हाट्यावर असणं वेगळं. उघडं म्हणजे ज्याला शोधायचं माहीत आहे त्याला सापडेल. चव्हाट्यावर म्हणजे जो पीठ दळायला आला आहे त्यालाही दिसेल, आणि महत्त्वाचं म्हणजे आपल्या शेजाऱ्यालाही ते दिसलंय हे त्याला माहीत असेल.

सरकारलाही हे ठाऊक आहे. २०१७ साली सातबाऱ्याचं संगणकीकरण तपासायचं होतं तेव्हा राज्यभर चावडी वाचन घ्यावं लागलं. सगळं सर्व्हरवर होतंच की! तरी तलाठी गावात बसून मोठ्याने सातबारे वाचत होते आणि लोक "ओ साहेब, माझा गट नंबर चुकला" म्हणून ओरडत होते. इतकं चोख टेस्टिंग मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

घरी गेलो. आक्काने चहाबरोबर सगळी हकिकत सांगितली. सरपंच म्हणजे दाजींचेच चुलतभाऊ. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या माणसाने दाजींना रस्त्यात गाठून म्हटलं, "पोरीच्या जातीनं सांभाळून ऱ्हावं." दाजी तेव्हापासून गप्प. आक्का म्हणाली, "फकस्त नाव पुसायचं. बातमी ऱ्हाऊ दे बापडी. नाव तेवढं पूस म्हणावं."

भाची कॉलेजातून आली. मी तिला म्हटलं चल, फळ्याकडे जाऊन येऊ.

वाटेत तिने सगळं समजावून सांगितलं. फळ्यावर आता आठ जण आहेत, पाच पोरं, तीन पोरी. सगळे पंधरा ते वीसच्या मधले. आठवड्यातून एकदा दोस्ताबरोबर बसतात. (तो आता वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. 'ड' वर्गाच्या ग्रंथपालाला काय मिळतं ते विचारू नका. बटईने हळद करतो, त्यावर चालतं.) संध्याकाळी एक जण फळा मोठ्याने वाचतो, कारण म्हाताऱ्या बायांना अक्षर दिसत नाही. मी विचारलं, हे सगळं व्हॉट्सॲपवर का नाही टाकत? ती म्हणाली, "टाकलं होतं की, मामा. गावाचे सात ग्रुप आहेत. एका ग्रुपवर ॲडमिननं काढून टाकलं. बाकीच्यावर 'शुभ सकाळ'च्या खाली गेलं. दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतबी नव्हतं."

"आणि फळ्यावर?"

"फळ्यावर आमचे चार नियम आहेत." ती बोटं मोडत सांगायला लागली. "एक, ज्यानं लिहिलं त्याचं नाव. दोन, कुठून कळलं ते. तीन, उत्तराला जागा सोडायची, आणि उत्तर देणारानं स्वतः येऊन लिहायचं. चार, पुसायचं ते रविवारी सकाळी, चारचौघांसमोर. रात्री पुसायचं नाही."

मी चालता चालता थांबलो.

"चौथा कुणी केला?"

"सरांनी. सगळ्यात पहिला तोच केला म्हणे. का ते सांगत न्हाईत." मग तिने विचारलं, "मामा, तुम्हीबी इथं लिहायचात ना? सर सांगतेत, तुमच्यासारखं अक्षर फळ्यावर परत झालं न्हाई."

तेवढंच सांगितलं होतं त्याने. एवढ्या वर्षांत, गावात कुणालाही, तेवढंच.

वाचनालयाच्या ओट्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. बॅरल, चहा, लाइट गेलेली रात्र, फडकं. मी काही शूर माणूस म्हणून सांगत नव्हतो. मला तिला समजावायला पाठवलं होतं, आणि समजावायचा मला काय अधिकार आहे तेवढं तिला कळावं म्हणून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "आई नाव पुसा म्हणती. पण नाव पुसलं तर ती बातमी ऱ्हात नाही, मामा. मग नुसती कुजबुज होती."

मी इतकी वर्षं जिथे घोटाळलो होतो ते तिने एका वाक्यात सांगितलं. तरुणांना व्यासपीठ द्या, आवाज द्या, असं आपण सगळीकडे ऐकतो. आवाज आता सगळ्यांकडेच आहे, दिवसाला दीड जीबी आवाज आहे. नसतं ते दुसरंच. आपण लिहिलेलं अशा माणसांनी वाचावं ज्यांना आपलं घर माहीत आहे, आणि त्यांना उत्तर द्यायला जागा असावी. तसं असलं की माणूस मोजून लिहितो. 'भ्रष्टाचार' लिहीत नाही, 'दाराच्या जागी पोते आहे' असं लिहितो. सोमवारी सकाळी १० वाजता स्वतः जाऊन बघून येतो. आणि पुसणाऱ्यालाही मग उजेडात यावं लागतं. माझं काम सोपं झालं ते लाइट गेली होती म्हणून.

दोस्त आतून बाहेर आला. "कवा आलास?" म्हणाला. मी म्हटलं, सकाळी. मग आम्ही हळदीच्या भावावर बोललो. जुन्या दोस्तांची हीच पद्धत असते.

जाताना भाचीने विचारलं, "मामा, पुण्यात तुमच्याकडं फळा कुठं असतो?"

आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी काचेची पेटी आहे. तिच्यात झुरळं मारायच्या औषधाची तारीख आणि पार्किंगचे नियम असतात. ग्रुपवर साडेचारशे माणसं आहेत. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ शहराला नगरसेवकच नव्हते, प्रशासकाने कारभार केला. आमच्या ग्रुपवर त्याचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही. त्या काळात सगळ्यात लांब चाललेली चर्चा कुत्र्यांना लिफ्टमध्ये न्यावं की नाही ह्यावर होती. भाचीला मी म्हटलं, "आमच्याकडे डिजिटल आहे." तिने "अच्छा" म्हटलं आणि विषय सोडून दिला. पोरगी समजूतदार आहे.

आक्काला मी घरी येऊन सांगितलं की मी नाव पुसायला सांगणार नाही. आक्का माझ्याशी रविवारी निघेपर्यंत बोलली नाही. डबा मात्र दिला.

पुढचं मला फोनवरून कळलं. मंगळवारी ग्रामसेवकांनी खरंच येऊन उत्तराच्या जागेत लिहिलं. (आता ह्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) "दार तयार असून सुताराकडे आहे. लवकरच बसविण्यात येईल." खाली सही. बुधवारी सुतार पीठ दळायला आला. त्याने फळा वाचला, खडू मागून घेतला आणि त्याखाली लिहिलं, "माझ्याकडे दार नाही." खाली स्वतःचं नाव. गावात म्हणे दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

१५ ऑगस्टची ग्रामसभा आमच्याकडे दरवर्षी गणपूर्तीअभावी तहकूब होते. शंभर मतदार किंवा १५ टक्के, दोन्हींपैकी जे कमी असेल तेवढे लागतात, आणि तेवढेही जमत नाहीत. ह्या वेळी ओटा पुरला नाही, माणसं रस्त्यावर उभी होती. भाचीला बोलता येणार नव्हतं. ग्रामसभेत मत असतं ते मतदार यादीत नाव असलेल्यांना, आणि ती सतरा वर्षांची. ती मागे, बायांच्या रांगेत बसून होती.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. ह्या वेळी फोन वीतभर नाही, हातभर लांब धरावा लागला.

"मीच विचारलं रे! पोरीला बोलू देत न्हवते ना. म्या म्हणलं, माझी धाकटी त्याच शाळंत जाती, दाराचं काय झालं ते सांगा. सरपंच म्हणले, वैनी, घरी बोलू की. म्या म्हणलं, घरी नको, हितंच बोला."

पोळ्याच्या आधी दार बसलं. पत्र्याचं आहे, आतून कडी आहे. पैशांची नोंद आधी आणि दार नंतर हे कसं झालं, त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तो प्रश्न दर रविवारी पुसतात आणि सोमवारी पुन्हा लिहितात. दाजींच्या भावकीत थोडी कडवटपणाची हवा आहे, ती लगेच जाणार नाही. स्थळांचं काय होईल ते तेव्हा बघू, असं आता आक्काच म्हणते.

माझं सांगायचं तर, त्या रविवारी निघण्याआधी मी पुन्हा फळ्याशी गेलो होतो. पुसायची वेळ झाली होती. पोरं जमली होती, दोस्त पाण्याची बादली घेऊन उभा होता. भाचीची बातमी सोडून बाकी फळा मोकळा केला. भाचीने माझ्यापुढे खडू धरला, म्हणाली, "मामा, तुम्हीबी एक बातमी लिहा ना."

काय लिहायचं ते मला माहीत होतं. एकच ओळ, खाली नाव, आणि 'कुठून कळले'च्या पुढे 'मीच पुसले'. पण गिरणीसमोर पाच-सहा माणसं होती, त्यातली दोन वडिलांच्या वयाची. मी सुविचार लिहिला. अक्षर अजून बरं आहे, असं सगळे म्हणाले. दोस्त काहीच म्हणाला नाही.

ती ओळ मी आज इथं लिहिली आहे. पण इथं लिहिणं सोपं आहे, इथं माझं घर कुणाला माहीत नाही. दिवाळीला फळ्याला नवीन रंग देतात, तेव्हा मी गावाला असेन. रिझर्व्हेशन करून ठेवलंय.